चंदन आणि किमया

गेल्या वैशाखांत वटार येथें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. सोपाऱ्याच्या पश्चिमेस समुद्राच्या अंगाला जो वाड्यांचा पट्टा आहे त्यांतलें हें एक गांव. नालासोपाऱ्याच्या इमारतींची दाटी दिवसेंदिवस जवळ येत चालली असली, तरी केळीच्या बागा, विहिरी आणि संध्याकाळचा खारा वारा हीं तेथें अद्याप आहेत. घरांतलें आपसांतलें बोलणें सामवेदी बोलींत, म्हणजे कादोडींत, चाले. आमच्याशीं मात्र सर्वजण शाळेंतलें मराठी बोलत. यजमानांची थोरली मुलगी औषधशास्त्राची पदवीधर असून दोन वर्षांपासून आखातांतील एका रुग्णालयांत काम करीत आहे. ती त्या वेळीं रजेवर घरीं आलेली होती.

एके दिवशीं जेवणानंतर ओटीवर बसलों असतां तिनें आपलें तिकडील निवासपत्र आम्हांस दाखविलें. त्यावर पेशाचा एक रकाना होता व त्यांत एकच अरबी शब्द होता. तो तिला वाचतां येत नव्हता, पण ऐकून ठाऊक होता : 'सैदलानीया'. 'फार्मसिस्टचंच तें अरबी,' ती म्हणाली. तेव्हां तिच्या वडिलांनीं सहज विचारलें, 'आणि सर, आपल्या मराठींत हिला काय म्हणायचं?'

आम्हीं 'औषधनिर्माण अधिकारी' असें उत्तर दिलें; सरकारी जाहिरातींत हाच शब्द असतो. ते हंसले आणि म्हणाले, 'तें तर हुद्द्याचं नांव झालं. हिच्या कामाचं नांव काय?' ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तरास लागलेल्या विलंबाची कैफियत आहे असें वाचकांनीं समजावें.

प्रथम त्या अरबी शब्दाचें कुळ पाहूं. कारण तें जितकें परकें वाटतें तितकें तें नाहीं. अबू रैहान अल् बीरूनी हा पंडित इ. स. ९७३ मध्यें ख्वारिज्म प्रांतांत जन्मला. गझनीच्या दरबारीं राहून त्यानें संस्कृताचा अभ्यास केला व हिंदुस्थानाविषयीं जो ग्रंथ लिहिला तो सुशिक्षितांस नांवानें तरी परिचित आहे. त्या ग्रंथांत पश्चिम किनाऱ्याचीं ठिकाणें सांगतांना ठाण्याबरोबर 'सुबारा' हें नांव येतें. तेंच आपलें सोपारें. परंतु आमचा आजचा विषय त्याचा दुसरा एक ग्रंथ आहे. आयुष्याच्या अखेरीस त्यानें औषधिद्रव्यांवर एक मोठा ग्रंथ हातीं घेतला; त्याचें नांव 'किताब अस्-सैदना'. त्यांत एकेका द्रव्याचीं अरबी, ग्रीक, सुरयानी, फारसी, हिंदी अशा अनेक भाषांतलीं नांवें त्यानें जुळवून दिलीं आहेत. आरंभींच तो आपल्या विषयाच्या नांवाचा विचार करतो. 'सैदनानी' अथवा 'सैदलानी' म्हणजे औषधिद्रव्यांचा जाणता. आणि हा शब्द मूळचा 'चंदनानी' असा असून हिंदुस्थानांतील 'चंदन' ह्या शब्दावरून तो आला, असें त्याचें म्हणणें आहे. अरबींत 'च' हा उच्चार नाहीं. त्यामुळें परक्या 'च'ला तेथें 'स' व्हावें लागतें. 'न' आणि 'ल' यांची अदलाबदल तर 'चंदन' आणि 'संदल' ह्या जोडींतही दिसतेच. म्हणजे चंदन विकणारा तो चंदनानी, आणि चंदनाबरोबर हळूहळू सर्वच औषधिद्रव्यांचें ज्ञान ज्याच्यापाशीं आलें तो सैदलानी. वटारच्या त्या मुलीच्या निवासपत्रावर जें अक्षर तिला वाचतां येत नव्हतें, त्यांत आपल्या देवघरांतल्या सहाणेवरचें खोड दडलेलें होतें.

हें ऐकून कोणाही मराठी माणसास आनंद व्हावा हें साहजिक आहे, आणि आम्हांसही तो झाला. पण थोडा विचार करतां तो आनंद किंचित् ओसरतो. चंदन हा शब्द आपला म्हणावा, तर तो संस्कृतांतही द्राविड भाषांतून आला असावा असें अनेक भाषापंडितांचें मत आहे; झाडही मुख्यत्वें कर्नाटक व तमिळ मुलखांतलें. कोंकणचीं बंदरें हीं वाटेवरचीं ठिकाणें. तेव्हां 'अरबांस आम्हीं शब्द दिला' ह्या अभिमानांत 'आम्हीं' कोण, हें ठरवितांना पंचाईत पडते. शब्द हातोहात फिरतात. मूळ धनी शोधूं जावें तों त्याच्याही मागें दुसरा उभा असतो.

शिवाय सुगंधी वस्तू विकणाराच पुढें औषधांचा जाणता व्हावा, ही कांहीं अरबांचीच कल्पना नव्हे. आपल्याकडेही तेंच झालें होतें. कार्ल्याच्या लेण्यांत द्वाराचें दान देणारा धेनुकाकटचा सिंहदत्त हा स्वतःस 'गंधिक' म्हणवितो. त्याच लेण्यांतील स्तंभांवर सोपाऱ्याच्या सातिमित्र नामक भाणकाचेंही नांव आहे. म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सोपाऱ्याचीं माणसें आणि सुगंधाचे व्यापारी एकाच डोंगरांत दानें देत होते. हा गंधिक केवळ अत्तरें विकत नसे. चंदन, कोष्ठ, गुग्गुळ, जटामांसी ह्या द्रव्यांचा वास देवाला चाले आणि काढा रोग्याला, दुकान एकच. अरबींतल्या 'अत्तार' ह्या शब्दाचीही गत हीच. इत्र म्हणजे सुगंध, तो विकणारा अत्तार. पण जुन्या काळच्या अत्ताराच्या दुकानांत मुळ्या, साली आणि औषधी बिया असत, आणि फारसीचा थोर सूफी कवि फरीदुद्दीन अत्तार याचें उपनांव त्याच्या औषधाच्या धंद्यावरून पडलें. गंधिक, अत्तार आणि सैदलानी हे तिघेही एकाच पेठेंत बसलेले होते.

खरा प्रश्न येथून पुढचा आहे. एका पेठेंतले हे तीन शब्द. पण आज ते कोठें आहेत? गंधिक हा 'गांधी' ह्या आडनांवांत राहिला. अत्तार मराठींत आला, तो अत्तराच्या बाटल्यांपाशीं थांबला आणि आडनांव होऊन बसला. सैदलानी मात्र कैरोपासून बगदादपर्यंतच्या विद्यापीठांत पदवीचें नांव झाला. चंदनाच्या खोडाला शास्त्राची पदवी मिळाली आणि आपल्या गंधाला आडनांव मिळालें, असें कां व्हावें?

ह्याचें उत्तर शब्दाच्या व्युत्पत्तींत नाहीं. त्या शब्दाला कोणतें काम करावें लागलें ह्यांत तें आहे. आठव्या-नवव्या शतकांत बगदादेस जगांतलें वैद्यक अरबींत उतरविण्याचा मोठा उद्योग चालला होता. चरक आणि सुश्रुत यांच्या संहिता तेथें गेल्या. मंख अथवा मनका नांवाच्या हिंदी वैद्यानें सुश्रुताचें भाषांतर केल्याचा उल्लेख दहाव्या शतकांतील इब्न अन्-नदीमच्या ग्रंथसूचींत आहे. इतक्या देशांचीं द्रव्यें आणि इतक्या भाषांचीं नांवें एका ठिकाणीं आल्यावर चुकीच्या नांवानें चुकीचें द्रव्य रोग्याच्या पोटांत जाण्याचें भय उत्पन्न झालें, आणि औषध ओळखणाऱ्या माणसावर जबाबदारी पडली.

तेराव्या शतकांतील इब्न अबी उसैबिआ यानें वैद्यांच्या चरित्रांचा जो ग्रंथ लिहिला, त्यांत ह्या जबाबदारीची एक कथा आहे. खलीफा मोतसिम (इ. स. ८३३–८४२) याच्या कारकीर्दींत अफशीन नामक सेनापतीच्या छावणींत औषधें विकणारे बरेच जमले होते. त्यांची परीक्षा घेण्यासाठीं सेनापतीनें आपल्या दप्तरांतून कांहीं नांवें काढविलीं. त्या नांवांचें औषध जगांत कोठेंच नव्हतें. माणसें पाठवून तीं औषधें मागविलीं. कित्येकांनीं 'आहे' म्हणून पैसे घेतले आणि दुकानांतली जी हातीं लागली ती पुडी बांधून दिली. कांहींनीं मात्र 'हें नांव आम्हांस ठाऊक नाहीं' असें सांगितलें. ज्यांनीं 'ठाऊक नाहीं' म्हटलें त्यांस परवाने मिळाले. बाकीच्यांस छावणींतून हांकलून दिलें. औषधाच्या धंद्याचें शास्त्र होतें तें अशा दिवशीं. नांव ठाऊक असणें आणि वस्तू ठाऊक असणें ह्यांतला भेद ज्याला कळतो तो सैदलानी, आणि तो भेद नित्य पाळावा लागला म्हणूनच तो शब्द पेठेंतून पाठशाळेंत गेला.

आतां ह्याच्या उलट दिशेनें आलेला एक शब्द पाहूं. आम्हीं स्वतः तीस वर्षें महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविलें. तेव्हां हा शब्द आमच्या घरचा म्हणण्यास हरकत नाहीं. अरबींतल्या 'कीमिया' ह्या शब्दांतून युरोपांत रसायनशास्त्राचें नांव गेलें. आजही अरबींत कीमिया म्हणजे रसायनशास्त्र आणि 'कीमियाई' म्हणजे रसायनशास्त्रज्ञ. तोच शब्द फारसीच्या वाटेनें मराठींत आला आणि 'किमया' झाला. मराठींत किमया कोण करतो? जादूगार करतो, नट करतो, कुशल फलंदाज करतो, क्वचित् अर्थमंत्रीही करतो. रसायनशास्त्रज्ञ तेवढा करीत नाहीं. जें नांव इतरत्र भट्टीपाशीं आणि तराजूपाशीं बसून शास्त्र झालें, तें आपल्याकडे टाळ्या घेण्यापुरतें उरलें. चंदन लांकूड म्हणून गेलें आणि शास्त्र होऊन बसलें. किमया विद्या म्हणून आली आणि नवल होऊन राहिली. ह्या दोन शब्दांच्या प्रवासांत आमच्या मतें मराठीच्या परिभाषेचा सगळा इतिहास सांठवला आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, किमया गेली तरी रसायन आहे ना? आहे, आणि हा शब्द टिकला ह्याचें कारणही उघड आहे. मराठी शाळांतून पोरांनीं त्या नांवाचें पुस्तक वाचलें, परीक्षा दिली, नापास झालीं, पुन्हां बसलीं. म्हणून तो शब्द जिवंत आहे. तो संस्कृत म्हणून जगला नाहीं. रोजच्या वापरानें जगला. जेथें शाळा संपते आणि महाविद्यालय सुरू होतें तेथेंच त्याचा श्वास कोंडतो.

परभाषेंतले शब्द शिकतांना एक मोह फार सावधपणें टाळावा लागतो, तो म्हणजे घरच्या शब्दांशीं त्यांचें नातें ओढून-ताणून जोडण्याचा. अरबींत इंजिनियरास 'मुहंदिस' म्हणतात. अंकगणित हिंदुस्थानांतून अरबांकडे गेलें हें प्रसिद्ध असल्यामुळें ह्या शब्दांत 'हिंद' आहे असें पुष्कळांस वाटतें, आणि तसें ऐकून मान डोलावणारेही भेटतात. वस्तुतः तो फारसी 'अंदाजा', म्हणजे माप, ह्या शब्दापासून आलेला आहे. 'द'च्या मागोमाग 'झ' येणें अरबी शब्दांच्या घडणींत बसत नाहीं, म्हणून 'झ'चा 'स' झाला, असें अरबी कोशकारांनींच नोंदविलें आहे. तसेंच 'तबीब', म्हणजे वैद्य, आणि आपली 'तब्येत' हीं एकाच घरचीं दिसतात. पण अरबींत दोहोंचे धातू वेगळे आहेत. ज्योतिर्विदास अरबींत 'फलकी' म्हणतात. पण तो ज्या 'फलका'वरून येतो त्याचा अर्थ आकाश असून दुकानावरच्या संस्कृत फलकाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. छावणींतल्या त्या लबाड दुकानदारांप्रमाणें नांव ऐकतांच पुडी बांधून देणें व्युत्पत्तिशास्त्रांतही फार सोपें आहे.

मात्र खऱ्या व्युत्पत्तीनें जें हातीं येतें तें खोट्या अभिमानाहून अधिक मनोरंजक असतें. 'हिंद' गेला खरा, पण 'अंदाज' मिळाला. आणि अंदाज तर पूर्णपणें मराठी झालेला शब्द आहे. पूल बांधावयाचा तर इंजिनियर आधीं काय करतो? अंदाजपत्रक करतो. अरबांनीं ज्या शब्दापासून इंजिनियराचें नांव घडविलें तोच शब्द मराठी इंजिनियराच्या टेबलावरच्या पहिल्या कागदाचें नांव आहे. पुढें परिभाषेच्या कोशांनीं 'अभियंता' हा शब्द दिला; तो आतां रूढ झाला आहे आणि त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. पण अभियंता कोणत्या धातूवरून आला हें आमच्या ओळखीच्या एकाही अभियंत्यास सांगतां आलें नाहीं, आणि अंदाज म्हणजे काय हें गवंड्यालाही कळतें.

ह्यावरून भाषाशुद्धीच्या वादाकडे वळणें प्राप्त आहे. ह्या वादाचें मूळ मराठींत फार जुनें आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितांच्या नांवावर असलेला 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्याचे दहा वर्ग असून राज्यकारभार, दुर्ग, शस्त्रें, लेखन, पेठ इत्यादि व्यवहारांतल्या यावनी शब्दांस त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. ह्या कोशाची स्तुति करणारे त्याला स्वाभिमानाचें स्मारक म्हणतात. निंदा करणारे त्यांतले किती शब्द रुजले नाहींत हें मोजून दाखवितात. आमच्या मतें दोघांचेंही लक्ष चुकीच्या जागीं आहे. त्या काळच्या नव्या शब्दांपैकीं टिकले ते बहुधा असे, कीं ज्यांच्या मागें खरोखरीच एक गादी, एक दप्तर आणि एक माणूस होता. अमात्य, सचिव, मंत्री, सेनापति हे शब्द अष्टप्रधानांच्या आसनांवर बसले आणि त्यांतले कांहीं आजही मंत्रालयांत बसलेले आहेत. उलट 'पंतप्रधान' हा शब्द असूनही अठराव्या शतकांत लोक 'पेशवे'च म्हणत राहिले. पुढें स्वतंत्र देशाचें पद निर्माण झालें तेव्हां तोच पंतप्रधान पुन्हां उठून उभा राहिला. शब्दाला काम मिळालें, शब्द जगला. आणि त्या कोशांत राज्याच्या व्यवहाराचे वर्ग आहेत. प्रयोगशाळेचा वर्ग नाहीं. नसणारच, तेव्हां आपल्याकडे ती वस्तूच नव्हती.

विसाव्या शतकांत सावरकरांनीं रत्नागिरीहून ही चळवळ पुन्हां जोरानें चालविली आणि दिनांक, महापौर यांसारखे कित्येक शब्द तीमुळें रूढ झाले. ह्या वादांतली आम्हांस सर्वांत विचारार्ह वाटणारी व्यक्ति मात्र माधवराव पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, ही होय. १९२५ सालीं त्यांनीं 'फारसी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. मराठींत शिरलेल्या शब्दांचें कूळ इतक्या प्रेमानें लावणारा दुसरा ग्रंथ त्या काळीं नव्हता. आणि त्याच हातानें १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. फारसीचा हा प्राध्यापक फारसी शब्द काढूं म्हणतो, ह्याला कित्येकांनीं कोलांटी म्हटलें. आम्हांस ती कोलांटी वाटत नाहीं. ज्याला पाहुण्याचें गोत्र ठाऊक आहे त्यालाच पाहुणा कोणता आणि घरचा कोणता हें विचारण्याचा अधिकार असतो. आमचा मतभेद निराळ्या ठिकाणीं आहे. शुद्धिवादी काय किंवा त्यांचे विरोधक काय, दोघेही 'हा शब्द कोणाचा?' एवढेंच विचारीत राहिले. 'ह्या शब्दानें मराठींत कोणतें काम चाललें आहे?' हा प्रश्न वादांत मागेंच राहिला. अरबांनीं चंदनास 'तूं हिंदी कीं अरबी' असें विचारलें असतें, तर त्यांच्याकडे औषधाचें दुकान राहिलें असतें, औषधाचें शास्त्र झालें नसतें.

निजामाच्या राज्यांत १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें शास्त्रें उर्दूंतून शिकविलीं, त्यासाठीं अरबीच्या आधारें हजारों शब्द घडविले, आणि मराठवाड्यांतल्या मराठी मुलांनीं तेथें कीमिया हा परीक्षेचा विषय म्हणून घेतला. एकच शब्द पुण्यांत जादू होता आणि हैदराबादेंत प्रश्नपत्रिका होता. हा प्रयोग मराठी, तेलुगु व कन्नड मुलांवर दुसऱ्याची भाषा लादूनच झाला, आणि १९४८ नंतर तो संपला. त्याचें गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. पण देशी भाषेंत शास्त्र चालूं शकतें, एवढें त्यानें दाखविलें. मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत एकोणिसाव्या शतकांत मराठींतून वैद्यक शिकविण्याचे वर्ग होते. बाळशास्त्री जांभेकरांनीं तर त्याच्याही आधीं कलनाचें गणित मराठींत 'शून्यलब्धि' ह्या नांवानें आणलें. म्हणजे सामर्थ्य नव्हतें असें नाहीं. आरंभ झाला होता, तो चालू ठेवला गेला नाहीं.

येथें बीरूनीचें एक मत सांगितलें पाहिजे, कारण तें आमच्या पक्षाच्या विरुद्ध जातें. औषधांच्या त्याच ग्रंथांत तो म्हणतो कीं शास्त्रास योग्य भाषा अरबीच. आपली जन्मभाषा जी ख्वारिज्मी, तींत शास्त्र घातलें तर तें अगदींच विजोड दिसेल. आणि फारसींत झालेल्या स्तुतीपेक्षां अरबींत झालेली निंदा आपण पत्करूं. इतका मोठा पंडित, आणि आईच्या भाषेविषयीं हा निकाल! हें वाचून आम्हांस प्रथम राग आला. मग लाज वाटली, कारण हें मत आम्हीं स्वतः तीस वर्षें आचरणांत आणलेलें होतें. आम्हीं तें लिहून ठेवण्याइतका प्रामाणिकपणा दाखविला नाहीं, एवढाच फरक. आज ख्वारिज्मी भाषा बोलणारा एकही माणूस उरलेला नाहीं. ती भाषा मेली ह्याचा दोष एकट्या बीरूनीवर नाहीं. पण तिच्यांतला सर्वांत शहाणा माणूस तिला शास्त्र नाकारून गेला, हें खरें.

आतां वटारच्या यजमानांविषयीं जें सांगावयाचें राहिलें तें सांगतों. तीस वर्षांपूर्वीं ते आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत होते. शाळा मराठी, रसायनांत त्यांची समज चांगली होती, हें प्रयोगाच्या तासाला दिसे. क्षार कोणता हें ते रंगावरून आणि वासावरून बहुधा बरोबर ओळखीत. सहामाही परीक्षेपूर्वीं ते आमच्या खोलींत आले आणि विचारलें, 'सर, उत्तरं मराठींत लिहिलीं तर चालतील का?' आम्हीं नियमावर बोट ठेवून 'नाहीं' म्हटलें. नियम तसाच होता. परंतु नियमापलीकडे जाऊन संध्याकाळीं अर्धा तास त्यांस मराठींत समजावून सांगण्यास आम्हांस कोणी मनाई केली नव्हती. तें आम्हीं केलें नाहीं. वर्षाअखेर ते नापास झाले, वाडींत परतले, आणि केळी व पानवेल यांत रमले. त्यांनीं ही गोष्ट आम्हांस कधीं बोलून दाखविली नाहीं. ह्या खेपेसही नाहीं. पण 'आपल्या मराठींत हिला काय म्हणायचं?' हा त्यांचा प्रश्न आम्हांस त्याच जुन्या प्रश्नाची दुसरी खेप वाटला.

त्या प्रश्नास आमच्यापाशीं कांहीं पर्याय आहेत. औषधनिर्माण अधिकारी हा शब्द आहे. औषधज्ञ, भेषजज्ञ असे शब्द करतां येतील. लोक तर सरळ 'मेडिकलवाला' म्हणतात, आणि 'मेडिकलमधून गोळ्या आण' हें वाक्य आतां कोणत्याही मराठी घरांत अशुद्ध समजलें जात नाहीं. ह्यांपैकीं कोणता शब्द चांगला ह्यावर सभा भरवितां येईल. आम्ही ती भरविणार नाहीं. त्या मुलीचें काम मराठींत चालूं लागेल त्या दिवशीं तिला नांवही मिळेल. तोंवर कोणतेंही नांव तिच्या अंगाला उसन्या अंगरख्याप्रमाणें सैलच होईल.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं शेजारच्या एक वृद्ध बाई आल्या होत्या. नात आखातांत नेमकें करते तरी काय, असें त्यांनीं मुलीच्या आजीस विचारलें. आजी आपल्या बोलींत एवढेंच म्हणाल्या कीं, ती औषधें ओळखते. दुसऱ्या द्रव्यांच्या राशींतून उत्तम तें निवडून घेणें हें बीरूनीनें सैदलानीचें काम सांगितलें आहे. आजींचें वाक्य त्याहून लहान आहे, आणि त्यांत अरबी, संस्कृत, इंग्रजी असा कोणताच अडसर नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं बारा पानें मराठींत लिहिलीं. औषध हवेनें कां बिघडतें, एकाच द्रव्याचे दोन स्फटिक सारखे दिसूनही पोटांत निराळे कां वागतात, दोन औषधें एकत्र आलीं म्हणजे काय होतें, असे साधेच विषय. शीर्षक दिलें 'औषध ओळखणें'. तीं पानें वटारला पाठविलीं आणि कळविलें कीं, कळणार नाहीं तेथें खूण करावी. महिन्याभरानें तीं परत आलीं. बऱ्याच शब्दांखालीं रेघा होत्या. 'विद्राव्य' खोडून 'विरघळणारें' केलें होतें; 'आर्द्रताशोषक' ह्या आमच्या आवडत्या शब्दापुढें 'पाणी ओढणारं' असें लिहिलें होतें. एका ठिकाणीं मात्र शब्द न खोडतां समासांत प्रश्न होता : 'सर, इथं तुम्ही सांगितलं तें कारण पुरत नाही. मीठही पाणी ओढतं, पण साखरेचा पाक वेगळा कां?'

प्रश्न बरोबर होता. आमच्या पानांतली ती चूकच होती. तीस वर्षांपूर्वीं ह्याच विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर मराठींत लिहूं दिलें नव्हतें. आतां त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही मराठींत लिहीत आहों, आणि तें लिहितांना दोन वेळां पाठ्यपुस्तक उघडावें लागलें.